आकड्यामागचं अक्षर

परवा स्टॉपवर आईने तीन बसगाड्या सोडल्या. "आकडा आपलाच रे, पण आधी 'ए' लागलंय. भलतीकडेच नेली तर?"

तिचंही खरंच! पूर्वी बेस्टचा लाल आकडा दिसला की ती 'मर्यादित', मोजक्याच थांब्यांची, हे मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही कळे. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली, तेव्हापासून मुंबईकर पाट्या वाचतोच आहे. आता रंगाऐवजी अक्षर बोलतं.

"अगं, 'ए' म्हणजे एसी. रस्ता तोच. मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं दहा रुपये, हिचं बारा."

"दोन रुपयांत गारवा? मग आधी नाही का सांगायचंस!" म्हणत आई चौथ्या बसमध्ये चढलीसुद्धा.