लॅपटॉपची खरखर : स्पीकर बदलण्याआधी
घरातली यंत्रं : भाग ९

लॅपटॉपवर व्याख्यान ऐकताना मधेच खरखर सुरू झाली की निकाल ठरलेला: 'स्पीकर गेला.' मग स्पीकर बदलतो, पैसे जातात आणि खरखर तशीच राहते. अभ्यासाचा एकच लॅपटॉप असलेल्या घराला हा खर्च झेपत नाही, म्हणून आज या खरखरीबद्दल.

लॅपटॉपमध्ये आवाज आधी आकड्यांत असतो, मग तारेतली वीज होतो आणि शेवटी स्पीकरचा पडदा हलवतो. दोष कुठे आहे ते घरीच शोधता येतं. हेडफोन लावा. त्यात आवाज स्वच्छ आला तर संशय स्पीकरवर. हेडफोनमध्येही खरखर असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. थांबली तर विजेकडे वळा, नाही थांबली तर आकड्यांकडे.

आकड्यांचं असं आहे. एका सेकंदाच्या आवाजासाठी बहुधा ४८,००० आकडे लागतात. प्रोसेसर ते थोडे थोडे आधी तयार करून ठेवतो. दहा मिलिसेकंदांचा साठा म्हणजे ४८० आकडे. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून आपण टाकी भरून ठेवतो, तसाच हा साठा. तो संपायच्या आत नवा आला नाही की आवाजात खंड पडतो, आणि कानाला तो 'टक्' असा ऐकू येतो. असे खंड लागोपाठ पडले की खरखर.

प्रोसेसरला उशीर का होतो? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. गादीवर ठेवलेला, जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू अडकलेला लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणून आधी जाळी साफ करा, लॅपटॉप टेबलावर ठेवा. कधी वाय-फायचा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो. वाय-फाय बंद केल्यावर खरखर गेली तर तो ड्रायव्हर नवा घाला. त्याशिवाय विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुन्या ऑडिओ ड्रायव्हरवर परत जा.

विजेचा दोष मात्र लॅपटॉपच्या बाहेर, भिंतीत असू शकतो. चार्जिंगला लावल्यावर धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येत असतील आणि तेव्हाच आवाजात गुणगुण किंवा चरचर असेल, तर अर्थिंग तपासायलाच हवं. चार्जरमधून अगदी थोडी वीज बॉडीकडे झिरपते. अर्थिंगची तार तिला जमिनीत नेते. पण काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातून वीज नीट मुरत नाही. त्या खड्ड्यात पाणी घालायची जुनी सवय शास्त्राला धरूनच आहे. प्लगची जाड पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवणं मात्र जिवावर बेतू शकतं. अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या.

कीर्तनाच्या किंवा शाळेच्या कार्यक्रमात लॅपटॉप अॅम्प्लिफायरला जोडला की जी गुणगुण येते, तिचं मूळही अनेकदा इथंच असतं: दोघांची वीज वेगवेगळ्या बोर्डांवरून घेतलेली असते. दोन्ही एकाच बोर्डावर लावा. तरी राहिली तर मधे ऑडिओ आयसोलेटर जोडा.

हेडफोनचा जॅक हलवला की कडकड होत असेल तर आतले संपर्क गंजलेले असू शकतात. ऑगस्ट २०२१ मध्ये तितूर-डोंगरी नद्यांचा पूर चाळीसगावात घरांत, दुकानांत शिरला. तशा पाण्यात भिजलेलं यंत्र सुकून चालू झालं तरी संपर्कांवरचा गंज हळूहळू वाढत राहतो. असा जॅक बहुधा बदलावा लागतो.

आणि दोष खरोखर स्पीकरचाच निघाला तर? आधी मऊ, कोरड्या ब्रशने त्याची जाळी झाडा. आवाज कमी ठेवल्यावर स्वच्छ आणि वाढवल्यावर फाटका येत असेल तर पडदा सैल किंवा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा स्पीकर बदला, आणि दुकानात जाताना वरच्या चाचण्यांत काय दिसलं ते कागदावर लिहून न्या.

पुढच्या आठवड्यात : फुगलेली बॅटरी.