पिकअपचा गिअरबॉक्स बदलताना जोडी जुळायला हवी

दिंडोरी तालुक्यात जानेवारी उजाडला की द्राक्षांच्या खुडणीला वेग येतो आणि एप्रिलपर्यंत पिकअप गाड्यांना उसंत मिळत नाही. त्याआधी टोमॅटोचे क्रेट पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत पोहोचवण्याचे काम याच गाड्या करतात. वणीमार्गे सापुताऱ्याचा घाट उतरून गुजरातकडेही भाजीपाला जातो. बागेतील कच्ची वाट, वाढीव भार आणि घाट या तिन्हींचा ताण अखेर गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलवर येतो. ऐन हंगामात गिअर निसटू लागला किंवा मागच्या हौसिंगमधून घरघर ऐकू येऊ लागली, तर गाडी उभी राहते आणि माल बागेतच अडकतो.

अशा वेळी मालकापुढे तीन पर्याय असतात. नवी जुळणी विकत घेणे, जुनीच खोलून दुरुस्त करणे किंवा मोडीत निघालेल्या त्याच प्रकारच्या गाडीचे भाग काढून बसवणे. यातील तिसरा मार्ग बहुधा खर्च आणि वेळ दोन्ही वाचवतो. मात्र नटबोल्ट जुळले म्हणजे गाडी जुळली, असे समजणे महागात पडते.

शक्तीचा प्रवास

इंजिनाची शक्ती क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल अशा क्रमाने चाकांपर्यंत जाते. डिफरन्शियलमधील क्राउन आणि पिनियन यांच्या दात्यांचे गुणोत्तर शाफ्टचे फेरे कमी करून चाकाचा जोर वाढवते. समजा, टॉप गिअरमध्ये शाफ्ट मिनिटाला २००० फेरे घेतो आणि हे गुणोत्तर ४ आहे. चाक ५०० वेळा फिरेल. टायरचा घेर २.२ मीटर धरला, तर वेग ताशी ६६ किलोमीटर होतो. गुणोत्तर ५ असेल, तर त्याच फेऱ्यांत वेग सुमारे ५३ किलोमीटरवर येतो. चढावर मात्र गाडी अधिक जोराने ओढते.

म्हणूनच केवळ गिअरबॉक्स आणून भागत नाही. प्रवासी गाडीचा गिअरबॉक्स बाहेरून सारखा दिसला, तरी त्याचे गुणोत्तर मालवाहू गाडीच्या एक्सलशी विसंगत असू शकते. मग घाटात क्लच घासून जळतो किंवा सपाट रस्त्यावर इंजिन विनाकारण ओरडत राहते. शक्य असेल तेव्हा गिअरबॉक्स, शाफ्ट आणि एक्सल एकाच गाडीतून घ्यावेत. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलचे गुणोत्तर सारखे असणे अनिवार्य आहे. ते वेगळे असेल, तर चारही चाकांचा जोर लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवताना ट्रान्स्फर केसवर ताण साचून ती फुटते.

कोणती गाडी निवडावी?

समोरून धडक बसलेल्या गाडीचा मागचा भाग अनेकदा शाबूत असतो. पुरात बुडालेली गाडी टाळावी. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले असे समजावे. तेल काढण्याच्या बुचाला पोलादी कण चिकटले असतील, तर दाते किंवा बेअरिंग झिजले आहेत. तेलात पितळी चमक दिसली, तर गिअर बदलणे सुलभ करणाऱ्या सिंक्रोनायझर कड्या संपत आल्या आहेत. क्लच हौसिंगवरील बोल्टांची मांडणी, इनपुट शाफ्टवरील खाचांची संख्या आणि शाफ्टची लांबी या तीन गोष्टी पैसे देण्यापूर्वी मोजाव्यात.

बसवताना क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचे मागचे ऑइल सील नवे घालणे शहाणपणाचे. नाहीतर तेच काम पुन्हा उघडावे लागते. गिअरबॉक्सचे वजन क्षणभरही क्लच प्लेटवर लटकू देऊ नये, प्लेट वाकते. शाफ्ट काढण्याआधी खुणा कराव्यात. त्याचे दोन्ही क्रॉस एका रेषेत बसले नाहीत, तर गाडी थरथरते. एका जोडीतील क्राउन आणि दुसऱ्या जोडीतील पिनियन कधीही एकत्र करू नये. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाड्यांत वेगाचे सेन्सर आणि संगणकही जुळावे लागतात.

कागद तितकेच महत्त्वाचे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच तत्त्वावर भर दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची तरतूद केली. त्याच प्रकारचा गिअरबॉक्स बदलणे ही दुरुस्ती ठरते. पण इंजिन किंवा चासी बदलली, तर नोंदीतील क्रमांकच बदलतात. असा बदल किंवा गाडीची मूळ रचना बदलण्याचा विचार असेल, तर आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

मोडीत निघालेल्या गाडीचा मालकही जबाबदारीतून सुटत नाही. गाडी कायमची निकामी झाल्यास कलम ५५ नुसार १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. भाग विकत घेणाऱ्याने बिल आणि त्या गाडीच्या नोंदणीपत्राची प्रत जपून ठेवावी. चोरीची वस्तू आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असूनही ती स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

द्राक्षे वाट पाहत नाहीत, त्यामुळे घाई समजण्यासारखी आहे. पण जोडी मोजून घेण्यात गेलेला अर्धा दिवस हंगामाच्या मध्यावर गाडी दुसऱ्यांदा खोलण्याची वेळ टाळू शकतो. हे काम खुडणी सुरू होण्याआधीच उरकले, तर ही घाईही करावी लागत नाही.