येरवड्याच्या गच्चीवरून चंद्राचे छायाचित्र

पुणे शहराच्या दिव्यांमुळे येरवड्यातून अंधूक तारे दिसेनासे झाले, तरी चंद्राचे काही बिघडत नाही. त्याच्यासाठी 70 मिलीमीटर व्यासाची साधी दुर्बीणही पुरते. पौर्णिमा मात्र टाळावी. तेव्हा ऊन समोरून पडते, सावल्या नाहीशा होतात आणि चित्र सपाट येते. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा ठळक दिसतात.

मोबाइल दुर्बिणीच्या नेत्रिकेवर हाताने धरण्यापेक्षा पकडीत बसवावा. चंद्रावर फोकस आणि उजेड स्थिर करून, पांढरे भाग जळणार नाहीत इतका उजेड कमी करावा. हादरा टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा. दिवसभर तापलेली स्लॅब सूर्यास्तानंतरही उष्णता सोडते, त्यामुळे प्रतिमा थरथरते. स्लॅब थोडी निवल्यावर, पण चंद्र उंच असतानाच टिपलेले चित्र बहुधा सरस ठरते.

एका चित्रापेक्षा छोटा व्हिडिओ बरा. त्यातल्या नेमक्या चौकटी निवडून संगणकावर एकत्र केल्या की तपशील उठून येतो. 2021 मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या 16 वर्षांच्या मुलाने 50 हजारांहून अधिक प्रतिमा जोडून चंद्राचे चित्र साकारले. नवशिक्याला शंभर चौकटीही पुरतात.