होडीच्या केबिनला हवा : कनात शिवणाऱ्या कारागिरांसाठी एक काम

नायगाव, देगलूर, नांदेडच्या बाजारात होडीचा विषय सहसा निघत नाही. परंतु ज्या कारागिराला कनात, शामियाना व ताडपत्री शिवता येते, त्याने हा विषय समजून घ्यावा. लहान सफरी होडीच्या केबिनमधील घुसमट दूर करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय यंत्राचा नसून कापडाचा आहे.

कोकणात तारकर्लीजवळ कर्ली नदीच्या खाडीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाऊसबोटी आणल्या. मुंबई व गोव्याकडे खासगी लहान होड्याही आहेत. अशा होडीची केबिन म्हणजे बंद पेटीच. दिवसा ती उन्हाने तापते. रात्री झोपलेल्या माणसांच्या श्वासातील वाफ थंड भिंतींवर पाणी होऊन ओघळते. गाद्या ओलसर होतात, पडद्यांना बुरशी लागते. पंखा लावला तरी तो आतलीच हवा फिरवतो. हवेला येण्याची एक आणि जाण्याची दुसरी, अशा दोन वाटा हव्यात.

नांगरलेली होडी साधारणपणे वाऱ्याकडे नाक करून उभी राहते. म्हणून पुढच्या छतावरील झडपेवर वाऱ्याकडे तोंड केलेली कापडी झोळी टांगली की वारा खाली उतरतो आणि मागच्या दाराने गरम हवा घेऊन निघून जातो. खाडीत पाण्याची ओढ जोराची असेल तर होडी वाऱ्याला आडवी राहते. तेथे चारही बाजूंनी वारा घेणारी झोळी लागते.

ही कल्पना जुनी आहे. इराणमधील यज्द शहराचे बादगीर प्रसिद्ध आहेत. आखाती अरब किनाऱ्यावर खजुरीच्या झावळ्यांच्या घरांवर खांबांना कापड बांधून बादगीर करीत. शिडाच्या जहाजांवरही खालच्या मजल्यात हवा नेण्यासाठी कापडाची लांब नळी सोडीत. हे हुनर मुळात कापडाचेच आहे.

झडप 20 इंच चौरस असेल तर झोळी चार-पाच फूट उंच ठेवावी. मागची व दोन्ही बाजू कापडाच्या, समोरची खुली. वरच्या कडेत दांडी घालून दोरीने टांगावी. खालच्या चार कोपऱ्यांना पितळी आयलेट लावून ती झडपेच्या आत बांधावी. सुती कॅनव्हास ओल्याने कुजतो. नायलॉन हलके व मजबूत असते, पण उन्हात लवकर कमजोर होते. पॉलिएस्टर उन्हात अधिक टिकते. धागाही पॉलिएस्टरचाच घ्यावा. सुती धागा आधी कुजतो आणि चांगले कापड वाया जाते. डासांची जाळी लावल्यास वारा बराच अडतो, म्हणून ती काढता येईल अशी ठेवावी.

गिऱ्हाइकाला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पहिली, होडी चालू करण्यापूर्वी व वादळी वाऱ्यात झोळी उतरवावी. दुसरी, ही झोळी विषारी वायूवर उपाय नाही. इंजिन किंवा जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस जागा न होताच दगावू शकतो. बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडीही पेटवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. ती बाहेर काढणारा पंखा इंजिन सुरू करण्यापूर्वी किमान 4 मिनिटे चालवावा लागतो.

प्रथम एकच नमुना शिवून किनाऱ्यावरील होडीवाल्यास दाखवावा आणि झडपेचे माप घेऊनच पुढचा माल कापावा. माल खपवताना त्याची मर्यादा लपवू नये. येथे प्रश्न कापडाचा नाही, माणसाच्या जिवाचा आहे. हलाल रोजीची शर्तही हीच आहे.