ट्रॅक्टरच्या ब्रेकची घरच्या घरी निगा

नांगरणीसाठी म्हणून घेतलेला ट्रॅक्टर वर्षातील बराच काळ रस्त्यावरच धावत असतो. भोकरदन-जाफराबादकडील कापूस व सोयाबीन जालन्याच्या बाजारात आणावयाचे असो, की १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याखालील अंबड-घनसावंगी भागातील ऊस कारखान्यास पोहोचवावयाचा असो, ट्रॅक्टर-ट्रॉलीवाचून काम अडते. असे असूनही, इंजिनाचे ऑइल वेळेवर बदलणारे शेतकरी बंधूसुद्धा ब्रेक पुरता लागेनासा होईपर्यंत त्याकडे पाहत नाहीत, असे आढळून येते. नांगर मोडला तर एका दिवसाची खोटी होते. भरल्या ट्रॉलीचा ब्रेक उतारावर लागला नाही तर माणूस जातो.

ट्रॅक्टरचे ब्रेक मोटारीच्या ब्रेकहून निराळे असतात. मोटारीत एक पेडल दाबले असता चारही चाकांना ब्रेक लागतो. ट्रॅक्टरमध्ये बहुधा फक्त मागील दोन चाकांना ब्रेक असतात व प्रत्येक चाकाचे पेडल स्वतंत्र असते. धुऱ्याजवळ थोड्या जागेत वळावयाचे झाल्यास आतील बाजूचे एकच पेडल दाबता यावे, हा त्यातील हेतू होय. मात्र हीच सोय रस्त्यावर घातक ठरते. वेगात असताना एकाच चाकास ब्रेक लागला तर ट्रॅक्टर त्या बाजूस गर्रकन फिरतो आणि उलटतो. म्हणून शेताबाहेर पडण्यापूर्वी दोन्ही पेडले जोडणारी कडी अडकविलीच पाहिजे. कित्येक ट्रॅक्टरांवर ही कडी गंजून बसलेली किंवा मुळीच नाहीशी झालेली दिसते. ती बसवून घेण्यास फारसा खर्च येत नाही.

कडी लावली म्हणजे काम संपले असे नव्हे. शेतात नेहमी एकाच बाजूस वळण्याची सवय असल्यास त्या बाजूचा ब्रेक अधिक झिजतो आणि जोडलेली पेडलेही मग दोन्ही चाकांना सारखा ब्रेक लावीत नाहीत. ही तपासणी घरी करता येते. पेडल हाताने हलके दाबून, ब्रेक धरू लागेपर्यंत ते किती खाली जाते ते पट्टीने मोजावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत ही मोकळीक २० ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेतून घ्यावा. दोन्ही बाजूंची मोकळीक सारखी असावयास पाहिजे. फरक असल्यास ट्रॅक्टर सपाट, टणक जागी उभा करून इंजिन बंद करावे, पुढील चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत आणि ब्रेकच्या सळईवरील चेकनट सैल करून सळईची लांबी कमी-जास्त करावी. नट पुन्हा घट्ट आवळण्यास विसरू नये. नंतर मोकळ्या रानात, ट्रॉली न जोडता, सावकाश चालवून जोडलेली पेडले दाबावीत. ट्रॅक्टर ज्या बाजूस ओढेल त्या बाजूचा ब्रेक अधिक घट्ट आहे असे समजावे व तो किंचित सैल करावा.

सळई आवळूनही पेडल खोलच जात असेल तर लायनर झिजले आहेत. ते बदलावयाचे तर दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत. ट्रॅक्टरच्या मागील भागातील ब्रेक, विशेषतः तेलात बुडालेले, घरी उघडू नयेत. ते जाणत्या मिस्त्रीचे काम आहे. लायनरवर तेल आले असल्यास ते रॉकेलने धुऊन किंवा विस्तवावर भाजून पुन्हा बसविण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. तेल मुरलेला लायनर पुन्हा पूर्वीसारखा धरत नाही, आणि गळके ऑइल सील आधी बदलले नाही तर नवा लायनरही थोड्याच दिवसांत तसाच होतो. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसास अपायकारक आहे. यास्तव ती फुंकर किंवा हवा मारून न उडविता ओल्या फडक्याने टिपावी.

ट्रॉलीचा विचार निराळा करावा लागतो, कारण पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात आणि सगळा भार ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर पडतो. वेग १० किलोमीटरवरून २० वर नेला की गाडी थांबविण्यासाठी ब्रेकला दुप्पट नव्हे, चौपट काम करावे लागते. त्यातच उतारावर ट्रॉली मागून रेटत असते. अशा वेळी डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडणारे चालक आम्ही पाहिले आहेत. वास्तविक गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला तर डिझेल फारसे जळत नाही व इंजिन स्वतःच गाडी आवरून धरते. कालव्याच्या पुलावरून उतरण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि उतार संपेपर्यंत क्लच दाबू नये. नवी ट्रॉली घेणाऱ्यांनी ब्रेक असलेलीच घ्यावी.

पावसाळ्यात ओढा ओलांडल्यावर किंवा चिखलातून बाहेर आल्यावर कोरडे ब्रेक ओले होऊन काही काळ धरत नाहीत. अशा वेळी कडी लावून, सावकाश चालवीत पेडले चार-पाच वेळा हलकेच दाबावीत, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने ते वाळतात. मगच वेग घ्यावा.