परदेशात शिकताना काम : किती आणि कसं?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पोरगं लंडनला शिकायला चाललंय. तिथं काम करून फी भरंल, मग कर्ज कमीच काढू का?"

ताई, असा हिशेब धरू नका. शिकायला गेलेल्याला कामाचे तास ठरवून दिलेले असतात. ब्रिटनमध्ये कॉलेज चालू असताना पदवीच्या मुलांना आठवड्याला २० तास, कॅनडात कॉलेजबाहेर २४, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. त्याहून जास्त काम केलं तर व्हिसाच धोक्यात येतो. एवढ्या कमाईत खाण्या-भाड्याला हातभार लागतो, पण फी निघत नाही.

इंटर्नशिप वेगळी. आपल्या चितेगावच्या कंपन्यांत आयटीआयची मुलं अप्रेंटिस म्हणून जातात ना, तसंच ते. हाताला काम कळतं, पुढच्या नोकरीत अनुभव दाखवता येतो. पण अभ्यासक्रमाचा भाग नसलेली इंटर्नशिप ब्रिटनमध्ये त्याच २० तासांत मोजतात. अमेरिकेत कॉलेजबाहेर काम करायला आधी परवानगी लागते.

"पैसे भरा, इंटर्नशिप पक्की," असं एजंट म्हणाला तर पैसे देऊ नका. मुलाला थेट कॉलेजलाच विचारायला सांगा.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. फी, राहण्याचा खर्च, विमानभाडं मिळतं. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

आधी शिष्यवृत्ती बघा, मग कर्जाचा आकडा ठरवा. पोराची तिकडची कमाई त्या हिशेबात धरूच नका.