परत कधी जाणार तुम्ही?

मैत्रिणींनो, माहेरी आलेल्या लेकीला आणि परदेशातून आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिल्या दिवशीच एक प्रश्न विचारतात, "मग, परत कधी जाणार?" विचारणारीच्या मनात काही वाकडं नसतं. पण २०१८ सालच्या उन्हाळ्यात या एका प्रश्नाची मला इतकी धास्ती बसली होती, की दारात चपला वाजल्या तरी मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत बसे.

आम्ही आठ वर्षं मस्कतला होतो. हे बांधकामावर इंजिनिअर. आम्ही गेलो तेव्हा थोरली एक वर्षाची होती. धाकटा तर तिकडचाच जन्म. ओमानमध्ये आपल्या माणसांना नोकऱ्या देण्याचं धोरण १९८८ पासूनच आहे, पण त्याची झळ आपल्याला लागेल असं कधी वाटलं नव्हतं. २०१४ नंतर तेलाचे भाव पडले, बांधकामं मंदावली, आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सरकारने ८७ प्रकारच्या नोकऱ्यांसाठी परदेशी माणसांना नवे व्हिसा देणं सहा महिन्यांपुरतं थांबवलं. पुढे ती मुदत वाढतच गेली. नेमकी त्याच सुमारास ह्यांची नोकरी गेली. दुसरी मिळाली असती, तर व्हिसा मिळेना. मार्चमध्ये थोरलीची तिसरीची परीक्षा संपली आणि आम्ही सामान आवरून वाईला, सासूबाईंच्या घरी आलो.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. घरात आंबेडाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्याची ओटी. आळीतल्या पंधरा-वीस बायका जमलेल्या. शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, "मग, परत कधी?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जूनमध्ये बघू. यंदा जरा मोठी सुट्टी काढलीय." सासूबाई पन्ह्याचे पेले भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मलाही वाटलं, एवढंसं तर बोललो, त्यात काय मोठंसं!

पण खोट्याला खोटं लागतं. हे सकाळी लवकर घाटावर फिरायला जात, म्हणजे कुणी भेटायला नको. भेटलंच तर "रजेवर आहे" म्हणत. दुपारभर खोलीत पडून राहत. बोलणं जवळजवळ बंदच. नोकरी गेली यात ह्यांचा काय दोष? पण आठ वर्षं "परदेशात असतात" म्हणून मिरवलेलं असतं ना! ते खाली उतरवून ठेवायला जड जातं. खरं सांगते, ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त जड जात होतं.

त्यातून मी दिवसभर तुलना करायची. तिकडे घरभर एसी, इथे मे महिन्यात दुपारी वीज गेली की हातात पंखा. तिकडे पाणी बाटलीतलं, इथे धाकट्याचं पोट आठवड्यात बिघडलं. सासूबाईंनी गाजावाजा न करता एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं आणि वाटीवाटीने त्याला पाजत बसल्या. (चमचा चहाचा घ्यायचा, आणि मोजून, मीठ अंदाजाने घालू नका.) पुढे दोन महिने आम्ही मुलांना उकळलेलंच पाणी दिलं. ते माठात भरून ठेवायचं. नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा, पहिलं दोन-तीन दिवसांचं पाणी झाडांना घालावं, आणि माठ ओल्या वाळूवर, वारा लागेल अशा जागी ठेवावा. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार होतं. घट्ट बंद कपाटाशेजारी ठेवलेला माठ कधी गार पाणी देत नाही. हे मला बी.ए. होऊनही ठाऊक नव्हतं, सासूबाईंना होतं.

थोरलीचं मात्र काही केल्या जमेना. आळीतल्या मुली लंगडी खेळायला बोलवत, ही दारातूनच "नको" म्हणे. मराठी बोलायची, पण वाचताना जोडाक्षरांशी अडायची. मी दुपारी बालभारतीचं पुस्तक घेऊन बसवलं, तर जांभया. तिची निळी बॅग खाटेखाली होती तशी होती. रोज दोन फ्रॉक काढायची, धुतले की घडी करून परत बॅगेतच. मी म्हटलं, उन्हाने कंटाळली असेल. कधी रागावलेही.

एका रविवारी आम्ही सगळे मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली ती मोठी घंटा मुलांना दाखवली. २००४ साली आलेल्या 'स्वदेस' चित्रपटाचं चित्रण इथेच झालं, हे सांगितल्यावर हे किती दिवसांनी हसले. म्हणाले, "त्याला निदान परत जायची नोकरी होती." थोरली ते ऐकत होती. तेव्हा तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मे महिन्याच्या मध्यावर कुरडया घातल्या. वाळवण एकटीदुकटीचं काम नव्हे. तीन दिवस गहू भिजवलेले, रोज पाणी बदललेलं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढला आणि रात्रभर ठेवला. पहाटे वरचं पाणी अलगद ओतून दिलं. चिकाइतकंच पाणी उकळत ठेवून त्यात मीठ-हिंग घातलं. सासूबाई धार धरून चीक ओततायत, मी दोन्ही हातांनी ढवळतेय. गुठळी झाली की कुरडई फुटते, म्हणून हात थांबवायचा नाही. काकू आणि आणखी तीन-चार जणी सोरे घेऊन गच्चीवर आल्या होत्या. मुलांना गरम चीक तूप-साखर घालून वाट्यांतून दिला. थोरलीने दोनदा मागून घेतला. त्या घरात तिने काही मागून खाल्लं असं पहिल्यांदाच घडलं.

आणि काकूंनी पुन्हा विचारलं, "जूनची तिकिटं काढली का गं?"

मी "बघू" म्हणणार, तेवढ्यात थोरलीच आनंदाने म्हणाली, "माझी बॅग भरलेलीच आहे काकू! मी काही बाहेर काढलंच नाहीये."

सगळ्या हसल्या. माझा सोऱ्या हातातच राहिला. दोन महिने ज्या मुलीला मी आळशी, हट्टी म्हणत होते, ती माझ्याच शब्दावर विश्वास ठेवून बसली होती! चार दिवसांसाठी आलेल्या जागी कोण मैत्रिणी जोडणार? कोण जोडाक्षरं शिकणार?

मी म्हटलं, "काकू, आम्ही परत जाणार नाही. ह्यांची नोकरी गेलीय. मी त्या दिवशी खोटं बोलले."

कुणी काही बोलेना. मग सासूबाई म्हणाल्या, "चीक गार होतोय. दाबा लवकर." आणि सगळ्यांचे हात पुन्हा चालू लागले. थोडया वेळाने काकूच म्हणाल्या, "आमच्याकडे गिरणी बंद झाली तेव्हा मी सहा महिने माहेरी सांगितलं नव्हतं." बस्स, एवढंच. कुणी कीव केली नाही, कुणी नाक मुरडलं नाही. ज्यांच्यापासून मी लपत होते, त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या घरी कधी ना कधी असं काही होऊन गेलेलं होतं.

थोरली मात्र वाटी ठेवून खाली गेली ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या रात्री मी आणि ह्यांनी तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. बाबांची नोकरी का गेली, पैसे किती आहेत, ते किती दिवस पुरतील, हेसुद्धा. नऊ वर्षांच्या मुलीला काय कळणार, असं वाटलं होतं. तिने एकच विचारलं, "मग तू खोटं का बोललीस?" मी म्हटलं, "मला लाज वाटली. पण चुकलं माझं." दुसऱ्या दिवशी तिने बॅग उघडली. तळाशी तिकडच्या शाळेचा गणवेश होता, स्वच्छ धुऊन घडी घातलेला. तो आम्ही अजून ठेवला आहे.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी परत येण्याच्या तयारीत असाल, तर चार गोष्टी सांगते. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, जन्मदाखल्याचं अधिकृत भाषांतर आणि लसीकरणाची वही तिथून निघण्यापूर्वीच हाती घ्या. तरी एखादा कागद राहिला तर घाबरू नका. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते आठवीच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधारसाठी आमच्या वेळी १८२ दिवस राहण्याची अट होती. २०१९ पासून भारतीय पासपोर्ट असलेल्यांना थांबावं लागत नाही. परत आल्याचं बँकेला कळवा, अनिवासी खातं निवासी करून घ्यावं लागतं. आणि नोकरी संपल्यावर मिळालेल्या पैशांतून सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढा. नवा सोफा नंतर.

पण या सगळ्याच्या आधी मुलांना खरं सांगा. आपण शेजाऱ्यांसाठी बोलतो ते मुलं ऐकत असतात, आणि शेजाऱ्यांपेक्षा तीच त्यावर जास्त विश्वास ठेवतात.

त्या दिवशी सोऱ्या दाबणाऱ्यांपैकी एक बाई एका शाळेत शिकवत. बालवर्गाला अर्धवेळ शिक्षिका हवी आहे, हे त्यांनीच सांगितलं. "परत जाणार" म्हणणाऱ्या बाईला ते कुणी कशाला सांगितलं असतं? जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा थोरली चौथीत गेली आणि मी बालवर्गात. ह्यांना साताऱ्याला काम मिळालं ते दिवाळीनंतर. पगार तिकडच्या निम्म्याहून कमी. ओढाताण झाली, अजूनही होते. ती झाली नाही असं मी म्हणणार नाही. पण संध्याकाळी हे घरी येतात ते मान वर करून.

आमच्या गच्चीवर कुरडया अजूनही होतात. परवा आळीतल्या एकीची सून दुबईहून आली, दोन लहान मुलं घेऊन. सासूच्या मागे जरा अवघडून उभी होती. माझ्या ओठावर तो प्रश्न आला होता, पण मी तो गिळला. म्हटलं, "ये, बस. सोऱ्या दाबायला एक हात कमीच पडतोय."